शेपटावरून पारख

संगणकाच्या पडद्यावर फाइलींची रांग मांडलेली असते. एका चिन्हावर माऊसने दोनदा टिचकी मारली की छायाचित्र उघडते. शेजारच्या चिन्हावर मारली की गाणे सुरू होते. तिसऱ्यावर मारली की पत्र समोर येते. हे इतके अंगवळणी पडले आहे की त्यात काही विचारण्यासारखे आहे, असे आपल्याला वाटतच नाही. पण जरा विचारून पाहू या. संगणकाच्या डिस्कवर छायाचित्र नसते, गाणे नसते आणि पत्रही नसते. तिथे असतात फक्त आकडे, शून्य ते २५५ यांच्यामधले, एकापुढे एक मांडलेले. यातल्या एकेका आकड्याला बाइट म्हणतात. ६५ हा आकडा पत्रात आला तर ते इंग्रजीतले ‘ए’ हे अक्षर असते. छायाचित्रात आला तर ती एखाद्या ठिपक्याची छटा असू शकते आणि गाण्यात आला तर आवाजाच्या लहरीचा एक तुकडा. आकडा तोच, अर्थ निराळे. मग कोणत्या आकड्यांचा काय अर्थ लावायचा, हे संगणकाला सांगते कोण?

आपल्या स्वयंपाकघरात हा प्रश्न रोजचाच आहे. फळीवर वीस डबे आहेत. साखर कशात आणि मीठ कशात? ओळखण्याच्या तीन रीती आहेत. एक म्हणजे झाकणावर लिहिलेले नाव वाचायचे. दुसरी, झाकण उघडून चिमूटभर जिभेवर ठेवायचे. तिसरी, मोठ्या कोठीघरात असते तशी वही ठेवायची: दुसरी फळी, चौथा डबा, साखर. या तिन्ही रीतींत खोट आहे. झाकणावरचे नाव कोणीही बदलू शकतो, आणि बोर्नव्हिटाच्या बरणीत रवा भरलेला असतो हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असले तरी पाहुण्याला ठाऊक नसते. चाखून पाहायला वेळ लागतो, आणि पिठीसाखर की मैदा हे नजरेला फसवते. वहीतली नोंद खरी असली तरी डबा शेजारी गेला की वही आपल्याच घरी राहते. गेल्या साठ वर्षांत संगणकाने फाइल ओळखण्यासाठी याच तीन रीती वापरल्या, आणि तिन्हींच्या खोटी त्याला भोवल्या. तो इतिहास समजून घेणे आपल्या सोयीचे आहे. शिवाय त्यात आपल्या मराठीचेही एक दुखणे आहे. त्याकडे शेवटी वळू.

तीन अक्षरांचे मूळ

झाकणावरच्या नावापासून सुरुवात करू. फाइलीच्या नावापुढे टिंब आणि त्यापुढे डॉक, टीएक्सटी, जेपीजी अशी तीन अक्षरे आपण पाहतो. इंग्रजीत त्याला एक्स्टेन्शन म्हणतात. आपण त्याला शेपूट म्हणू. हे शेपूट तीनच अक्षरांचे का?

१९६१ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस नावाची प्रणाली दाखवली. एकच यंत्र अनेक माणसांनी एकाच वेळी वापरायचे, ही कल्पना त्यांनी प्रत्यक्षात आणली. अनेक माणसे आली म्हणजे प्रत्येकाच्या फाइली आल्या आणि त्यांना नावे देणे आले. सीटीएसएसमध्ये फाइलीला दोन नावे असत, आपल्याकडच्या नाव-आडनावासारखी. पहिले नाव फाइलीचे स्वतःचे आणि दुसरे तिच्या जातकुळीचे, म्हणजे हा अमुक भाषेतला प्रोग्रॅम आहे की यंत्रासाठी तयार केलेले रूप, हे सांगणारे. प्रत्येक नाव जास्तीत जास्त सहा अक्षरांचे. कारण साधे होते. त्या यंत्रात एका घरात ३६ बिट मावत, आणि एका अक्षराला ६ बिट लागत. म्हणून एका घरात सहा अक्षरे.

पुढे डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीच्या पीडीपी-१० या यंत्रातही ३६ बिटांचेच घर होते. तिथे फाइलीचे नाव एका घरात बसवले. दुसऱ्या घराच्या अर्ध्या भागात तिची जात लिहिली आणि उरलेला अर्धा भाग दुसऱ्या कामासाठी ठेवला. अर्धे घर म्हणजे १८ बिट, म्हणजे तीन अक्षरे. आपल्या पडद्यावरची तीन अक्षरे आली ती अशी, जागेच्या काटकसरीतून.

कॅलिफोर्नियातले गॅरी किल्डॉल हे प्राध्यापक त्या यंत्रांवर काम केलेले होते. १९७४ साली त्यांनी छोट्या संगणकांसाठी सीपी/एम ही प्रणाली लिहिली, तेव्हा नावाला आठ आणि जातीला तीन अक्षरे ठेवली. सिअॅटलच्या टिम पॅटरसन यांनी १९८० मध्ये आपली प्रणाली त्याच धर्तीवर बांधली. ती मायक्रोसॉफ्टने विकत घेतली आणि १९८१ च्या ऑगस्टमध्ये आयबीएमच्या पीसीबरोबर ती डॉस म्हणून जगभर गेली. गंमत म्हणजे डॉसच्या यादीत नाव आणि शेपूट यांमधले टिंब साठवलेलेच नसते. तिथे आठ आणि तीन अशी सलग अकरा अक्षरे असतात. टिंब आहे ते केवळ वाचणाऱ्यासाठी.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. त्या काळी शेपूट ही बहुतेक वेळा माणसाच्या आठवणीसाठी लावलेली खूण होती. पत्र वाचायचे तर आधी पत्र लिहिण्याच्या प्रोग्रॅमचे नाव टंकायचे आणि मग त्याला फाइलीचे नाव द्यायचे. कोणती फाइल कशाने उघडायची हे माणूस ठरवत असे. प्रोग्रॅम आणि आज्ञांच्या फाइली सोडल्या, तर शेपटाच्या हाती सत्ता नव्हती.

चिमूटभर चाखून

याच सुमारास अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमध्ये, केन थॉम्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही प्रणाली उभी केली होती. त्यांचा दृष्टिकोन अगदी वेगळा होता. फाइल म्हणजे बाइटची रांग, बस्स. तिची जात काय, याची नोंद प्रणाली ठेवणार नाही. नावात टिंब घाला, न घाला, चार टिंबे घाला. प्रणालीला त्याचे सोयरसुतक नाही.

पण मग एखादी फाइल चालवायला सांगितली तर ती खरोखर प्रोग्रॅम आहे की कोणाचे पत्र आहे, हे कळायचे कसे? युनिक्स फाइलीचे पहिले काही बाइट वाचून पाहत असे. पीडीपी-११ यंत्रावर प्रोग्रॅमच्या फाइलीच्या आरंभी एक ठरलेला आकडा असे. हा आकडा मुळात यंत्राची आज्ञाच होता: पुढची सात घरे ओलांडून आठव्यापासून काम सुरू कर. त्या ओलांडलेल्या घरांत प्रोग्रॅमची माहिती असे. म्हणजे उडी मारण्यासाठी ठेवलेला आकडाच ओळखीची खूण झाला. अशा आकड्याला पुढे ‘मॅजिक नंबर’ असे नाव पडले. १९७३ च्या युनिक्समध्ये ‘फाइल’ याच नावाची एक आज्ञा आली. तिला कोणतीही फाइल द्यावी, ती आरंभीचे बाइट चाखून सांगे की हे अमुक आहे. १९८० च्या दशकात इयन डार्विन यांनी ही आज्ञा नव्याने लिहून सर्वांना खुली केली. आजही लिनक्सवर तिचाच वंश नांदतो आहे.

या खुणांची एक यादीच करता येईल, आणि तिच्यात माणसेही भेटतात. डॉसवरच्या मोठ्या प्रोग्रॅमची फाइल एम आणि झेड या दोन अक्षरांनी सुरू होते. ही मायक्रोसॉफ्टच्या मार्क झ्बिकोव्स्की यांची आद्याक्षरे. विशेष म्हणजे डॉसदेखील प्रोग्रॅम चालवताना नुसत्या शेपटावर विसंबत नसे, ही दोन अक्षरे पाहून मगच फाइलीची घडण ठरवी. झिप फाइल पी आणि के या अक्षरांनी सुरू होते. ती फिल कॅट्झ यांची. ‘जीआयएफ’ प्रकारचे चित्र त्याच तीन अक्षरांनी सुरू होते आणि पुढे ८७ किंवा ८९ हे साल असते. पीडीएफच्या आरंभी टक्क्याची खूण आणि मग पीडीएफ ही अक्षरे असतात.

यात सर्वांत विचारपूर्वक केलेली खूण पीएनजी या चित्रप्रकाराची. १९९५-९६ मध्ये ती ठरली. तिचे आठ बाइट आहेत. पहिला १३७. तो मुद्दाम १२७ च्या वरचा निवडला, कारण काही जुने दूरसंचार मार्ग प्रत्येक बाइटचा आठवा बिट कापून टाकत. तसे झाले की हा आकडा बदलतो आणि फाइल वाटेत बिघडली हे लगेच कळते. मग पी, एन, जी. त्यापुढे ओळ संपल्याच्या खुणा दोन वेगवेगळ्या प्रकारांनी दिल्या आहेत, कारण एका प्रणालीवरून दुसरीवर नेताना त्या परस्पर बदलल्या जात. म्हणजे ही नुसती ओळखीची खूण नाही, माल शाबूत पोचला की नाही हे दाखवणारे सीलही आहे.

वहीतली नोंद

तिसरी रीत वहीची. तिचा सर्वांत देखणा नमुना अॅपलने दाखवला. २४ जानेवारी १९८४ रोजी मॅकिंटॉश बाजारात आला. त्यात फाइलींची मांडामांड करणारा ‘फाइंडर’ हा प्रोग्रॅम ब्रूस हॉर्न आणि स्टीव्ह कॅप्स यांनी लिहिला होता. मॅकिंटॉशवर प्रत्येक फाइलीबरोबर चार-चार अक्षरांच्या दोन नोंदी असत. एक नोंद फाइलीचा प्रकार सांगे, दुसरी ती कोणत्या प्रोग्रॅमने तयार केली ते. या नोंदी नावात नसत आणि मजकुरातही नसत. त्या वेगळ्या, डिस्कच्या वहीत.

याचे दोन फायदे झाले. नाव माणसाच्या मालकीचे राहिले. ‘आईला पत्र’ एवढेच नाव द्या, शेपटाची कटकट नाही. आणि दोन फाइली साध्या मजकुराच्याच असल्या तरी प्रत्येक जण आपापल्या निर्मात्याकडे उघडे. शिवाय मॅकिंटॉशने एक मोठा बदल लोकांच्या अंगवळणी पाडला. आधी प्रोग्रॅम आणि मग फाइल, हा क्रम उलटा झाला. आता फाइलीवरच टिचकी मारायची, प्रोग्रॅम यंत्राने शोधायचा. झेरॉक्सच्या ‘स्टार’ या यंत्रात १९८१ मध्ये ही कल्पना दिसली होती, पण घराघरांत ती मॅकिंटॉशने नेली.

दुखणे होते प्रवासाचे. मॅकिंटॉशची फाइल दुसऱ्या प्रकारच्या संगणकावर गेली की वही मागे राही. परत आली तर कोऱ्या कागदाचे चिन्ह घेऊन, अनोळखी होऊन येई. वाटेत नोंदी जपण्यासाठी फाइल आणि नोंद एकत्र बांधून पाठवण्याच्या खास पद्धती काढाव्या लागल्या. आणि १९९० च्या दशकात इंटरनेट आले, तेव्हा सगळे जगच प्रवासाला निघाले. २००१ च्या मार्चमध्ये अॅपलने मॅक ओएस टेन ही युनिक्सच्या पायावरची नवी प्रणाली आणली आणि तिच्यात शेपटाला मान दिला. जुन्या वापरणाऱ्यांनी कुरकुर केली. २००९ च्या आवृत्तीत तर निर्मात्याची नोंद असली तरी फाइल उघडताना ती विचारात घेणे बंद झाले. उत्तम रीत हरली, ती चांगली नव्हती म्हणून नव्हे, तर शेजाऱ्यांकडे तशी वही नव्हती म्हणून.

झाकलेले शेपूट

मायक्रोसॉफ्टच्या विंडोजनेही टिचकीचा रिवाज उचलला. पण तिच्या पायाशी डॉस होता. वही नव्हती, होते ते तीन अक्षरांचे शेपूट. विंडोजच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत एका साध्या फाइलीत शेपटांची यादी असे. टीएक्सटी असेल तर नोटपॅड उघड, अशा धाटणीची. पुढे ती यादी ‘रजिस्ट्री’ या मोठ्या नोंदवहीत गेली. आठवणीसाठी लावलेली खूण आता आज्ञा झाली होती. कोणता प्रोग्रॅम चालणार, हे फाइलीचे नाव ठेवणारा ठरवू लागला. नावे ठेवणारा प्रत्येक वेळी आपलाच माणूस असेल, असे गृहीत धरले गेले.

२४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ आले. लांब नावे आली. पडदा मॅकिंटॉशसारखा सोज्वळ दिसावा म्हणून ओळखीची शेपटे मुळातच झाकून ठेवलेली असत. गंमत पाहा. सत्ता सगळी शेपटाच्या हाती आणि शेपूट मात्र पडद्याआड. झाकणावरच्या नावावरूनच स्वयंपाक करायचा, पण नाव वाचायचे नाही, असा हा प्रकार.

४ मे २००० रोजी याची किंमत कळली. फिलिपिन्समधून निघालेले एक ई-पत्र काही तासांत जगभर पसरले. विषय होता ‘आय लव्ह यू’. सोबत एक जोडलेली फाइल: लव्ह-लेटर-फॉर-यू, टिंब, टीएक्सटी, टिंब, व्हीबीएस. शेवटचे शेपूट व्हीबीएस, म्हणजे चालवायचा प्रोग्रॅम. पण ते झाकलेले असल्यामुळे पुष्कळांना दिसले ते टीएक्सटी, म्हणजे निरुपद्रवी मजकूर. प्रेमपत्र कोणाचे आले म्हणून लोकांनी टिचकी मारली. त्या प्रोग्रॅमने डिस्कवरच्या छायाचित्रांच्या आणि इतर अनेक फाइलींवर स्वतःचीच प्रत लिहिली आणि पत्त्यांच्या यादीतल्या सर्वांना तेच पत्र धाडले. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सलाही आपली ई-पत्रव्यवस्था काही काळ बंद ठेवावी लागली. फिलिपिन्समध्ये तेव्हा अशा गुन्ह्याला लागू पडेल असा कायदाच नव्हता. त्यामुळे संशयितावरचे आरोप मागे घ्यावे लागले, आणि जूनमध्ये तिथे नवा कायदा झाला. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २००१ मध्ये, टेनिसपटू अॅना कुर्निकोव्हाच्या छायाचित्राचे आमिष दाखवणारे दुसरे पत्र हीच युक्ती घेऊन आले. फरक एवढाच की या वेळी पुढे दिसत होते जेपीजी.

आपल्याकडे सायबर कॅफेत ज्यांनी ती वर्षे काढली, त्यांना ‘न्यू फोल्डर’ नावाची पीडा आठवत असेल. पेनड्राइव्हवर पिवळ्या फोल्डरचे चिन्ह दिसे. टिचकी मारावी तर ते फोल्डर नसून प्रोग्रॅम असे, आणि तो कॅफेतल्या संगणकात ठाण मांडी. हे साधते कसे? प्रोग्रॅमच्या फाइलीचे चिन्ह विंडोज त्या फाइलीतूनच घेते. म्हणजे मुखवटा कोणता घालायचा, हे चोरच ठरवणार. शेपूट झाकलेले आणि चेहरा उसना, मग ओळखणार कशावरून?

युनिक्सच्या परंपरेत ही चूक तुलनेने कमी झाली, याचे कारण लक्षात ठेवण्यासारखे आहे. तिथे फाइल ‘वाचणे’ आणि फाइल ‘चालवणे’ या दोन वेगळ्या परवानग्या आहेत. बाहेरून आलेल्या फाइलीला चालण्याची परवानगी आपण मुद्दाम द्यावी लागते. टिचकीने हे अंतर पुसून टाकले. पत्र वाचायला आणि अनोळखी माणसाला घरात घ्यायला एकच दार ठेवले. विंडोजच्या आजच्या आवृत्तीतही शेपटे मुळात झाकलेलीच येतात. फाइलींच्या खिडकीतल्या ‘व्ह्यू’ या यादीतून ती उघडी करता येतात. ज्याने अजून केलेली नाहीत, त्याने आजच करावीत.

टपालाची चिठ्ठी

१९९२ साली नथॅनिएल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड यांनी ई-पत्रासाठी एक नवी पद्धत मांडली. तिला माइम म्हणतात. तोपर्यंत ई-पत्र म्हणजे नुसता इंग्रजी मजकूर. चित्र, आवाज पाठवायचा तर त्यासोबत हे काय आहे, हे सांगणारी चिठ्ठी हवी. ती चिठ्ठी दोन शब्दांची ठरली, मध्ये तिरकी रेघ: आधी कूळ आणि मग पोटजात. मजकूर, साधा. चित्र, जेपेग. वहीतली नोंद आता पार्सलावर चिकटून प्रवास करू लागली. वर्ल्ड वाइड वेबनेही हीच चिठ्ठी उचलली. आपण एखादे संकेतस्थळ उघडतो तेव्हा प्रत्येक चित्रासोबत आजही ती येते. पण घरी पोचून डिस्कवर ठेवताना चिठ्ठी बहुधा गळून पडते आणि पुन्हा शेपूटच उरते.

लिनक्सवर ग्नोम आणि केडीई हे दोन मोठे डेस्कटॉप उभे राहिले, तेव्हा प्रत्येकाची ओळखीची यादी वेगळी होती. एकाला जे गाणे वाटे ते दुसऱ्याला अनोळखी. २००० नंतरच्या काही वर्षांत फ्रीडेस्कटॉप या व्यासपीठावर त्यांनी एक सामाईक यादी ठरवली. तिच्यात माइमची नावे आहेत, त्यांची शेपटे आहेत आणि चाखून पाहायचे बाइटही आहेत. म्हणजे तिन्ही रीतींची मोट. बहुतेक वेळा आधी शेपूट पाहायचे, आणि शेपूट नसेल किंवा त्यावरून नक्की ठरत नसेल तर मजकूर चाखायचा.

शेपूट आधी का? एक तर वेळ. हजार फाइलींचे फोल्डर उघडताना प्रत्येक डब्याचे झाकण काढत बसलो, तर माणूस ताटकळेल. आणि दुसरे म्हणजे चवही फसवते. २००७ च्या वर्डची फाइल ही आतून झिपच असते. ई-पुस्तक झिप, ओपन ऑफिसचे पत्रही झिप. सगळ्यांच्या आरंभी तेच पी आणि के. ओपन ऑफिसच्या मांडणीत यावर छान उपाय केला आहे. झिपच्या आत सर्वांत पहिली, न दाबलेली छोटी फाइल फक्त माइमचे नाव सांगणारी ठेवायची. पहिल्या घासालाच चिठ्ठी लागावी, अशी ही सोय.

काही वर्षे ग्नोमच्या फाइल-व्यवस्थापकाने आणखी एक पाऊल टाकले होते. शेपूट एक म्हणते आणि मजकूर दुसरेच म्हणतो असे दिसले, तर तो फाइल उघडायला नकार देई आणि धोक्याची सूचना दाखवी. प्रामाणिक फाइलींवरही ती सूचना येऊ लागली, तेव्हा लोक वैतागले. सुरक्षितता आणि सोय यांचे जमणे अवघड, हेच खरे.

मराठीचा डबा

आता आपल्या दुखण्याकडे येऊ. सर्वांत अवघड फाइल कोणती? साध्या मजकुराची. तिच्या आरंभी खूण नसते. जे आहे ते सगळे अक्षरच. मग यंत्र अंदाज बांधते, आणि अंदाज चुकतो. विंडोज एक्सपीच्या नोटपॅडमध्ये ‘बुश हिड द फॅक्ट्स’ हे इंग्रजी वाक्य लिहून साठवले आणि पुन्हा उघडले, तर ते गायब होऊन विचित्र अक्षरे किंवा चौकोन दिसत. लोकांनी त्यात कारस्थान पाहिले. प्रत्यक्षात त्या वाक्यातली १८ अक्षरे यंत्राने दोन-दोनच्या जोडीने वाचली आणि त्यांना नऊ चिनी अक्षरे मानले. बस्स, एवढेच.

इंग्रजीला जे गमतीने झाले, ते मराठीला वर्षानुवर्षे रोज होत होते. १९९० च्या दशकात मराठी छपाई संगणकावर आली ती श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम अशा प्रणालींच्या बळावर. त्यांनी मोठेच काम केले. पण बाइटमध्ये जागा २५६ आणि त्यांतल्या निम्म्या इंग्रजीच्या ताब्यात. म्हणून इंग्रजी अक्षरांच्या जागी काना, वेलांटी, अर्धा ‘त’, जोडाक्षराचे तुकडे बसवले गेले. प्रत्येक कंपनीचा नकाशा वेगळा. आता अशी फाइल दुसऱ्या संगणकावर न्या. शेपूट म्हणते डॉक, ते खरे. आरंभीचे बाइट म्हणतात वर्ड, तेही खरे. फाइल-व्यवस्थापक निःशंकपणे ती उघडतो. आणि समोर येते ते इंग्रजी अक्षरांचे, खुणांचे आणि ठिपक्यांचे कडबोळे. कारण हा फॉन्ट तिथे नाही, आणि ‘हा मजकूर देवनागरी आहे’ असे सांगणारी चिठ्ठी कोणत्याच डब्यावर नाही. साध्या मजकुराच्या फाइलीत तर फॉन्टचे नावही उरत नाही.

भारतीय मानक म्हणून १९९१ मध्ये इस्की ही संकेतप्रणाली मान्य झाली. तिच्यात अक्षराच्या आकाराला नव्हे, तर अक्षरालाच क्रमांक होता. त्याच वर्षी आलेल्या युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या आवृत्तीवरून घेतली आणि तिला १२८ जागांचा स्वतंत्र गट दिला. विंडोज २००० पासून ती रोजच्या वापरात येऊ लागली. १९९२ मध्ये केन थॉम्सन आणि रॉब पाइक यांनी युनिकोड साठवण्यासाठी यूटीएफ-८ ही पद्धत रचली. थॉम्सन म्हणजे युनिक्सचेच. या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे असते, आणि पहिला बाइट कसा असावा, पुढचे दोन कसे असावेत, याचे नियम कडक आहेत. इतके कडक की दुसऱ्या प्रकारचा मजकूर सहसा त्यांत बसतच नाही. म्हणून वेगळी चिठ्ठी नसतानाही यंत्र चाखून जवळजवळ खात्रीने सांगू शकते की हे यूटीएफ-८ आहे. मराठी मजकुराला आपली चव मिळाली, ती इथे.

पण त्याआधीचे काय? त्या दहा-पंधरा वर्षांत टंकलेले दिवाळी अंक, प्रबंध, संस्थांच्या स्मरणिका, शब्दकोशांची हस्तलिखिते, ग्रामपंचायतींचे ठराव जुन्या फॉन्टमध्ये सीड्यांवर आणि बंद पडलेल्या संगणकांत पडून आहेत. त्यांत ‘शेतकरी’ हा शब्द शोधला तर यंत्र सांगते की नाही. तो शब्द तिथे आहे, पण शेतकरी म्हणून नाही. त्या फाइलींचे पीडीएफ केले असेल तर डोळ्यांना मराठी दिसते, पण त्यातून मजकूर उचलायला जावे तर पुन्हा तेच कडबोळे हाती येते. जुने फॉन्ट युनिकोडमध्ये बदलणारे प्रोग्रॅम उपलब्ध आहेत. मात्र कोणत्या फॉन्टमधून बदलायचे हे सांगावे लागते, आणि ते सांगू शकणारी माणसे आता हळूहळू निवृत्त होत आहेत.

म्हणून ज्यांच्याकडे असा ठेवा आहे, त्यांनी तीन कामे करावीत. फोल्डरमध्ये एक साधी मजकुराची फाइल ठेवून तिच्यात कोणती प्रणाली, कोणता फॉन्ट, कोणते साल, एवढे युनिकोडमध्ये लिहून ठेवावे. मूळ फॉन्टची प्रत मिळाली तर सोबत जपावी. आणि जमेल तितका मजकूर युनिकोडमध्ये बदलून, एकदा माणसाच्या डोळ्यांनी तपासून घ्यावा. मूळ फाइली मात्र टाकू नयेत.

यंत्राला अर्थ कळत नाही, त्याला खुणा कळतात. सीटीएसएसच्या दुसऱ्या नावापासून यूटीएफ-८ पर्यंतचा हा प्रवास म्हणजे माणसाच्या मनातला अर्थ यंत्रासाठी खुणेत बांधून ठेवण्याची धडपड आहे. जी खूण फाइलीसोबत प्रवास करते, ती टिकते. जी फक्त लिहिणाऱ्याच्या डोक्यात राहते, ती त्याच्याबरोबरच जाते. डब्यात काय आहे हे आज घरातल्या सगळ्यांना ठाऊक असले, तरी झाकणावर लिहून ठेवलेले बरे.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)